कासव छाप कुलपाविषयी एक तक्रार

पाठीवर सात चौकोन, मान उजवीकडे, शेपूट जवळजवळ नाहीच.

"नवरदेवाला शेवटी मेव्हण्याची पँट घालावी लागली. ती घोट्याच्या चार बोटं वर."

तीस दिवसांच्या आत.

कपाटाचा वरचा खण. छपरातून गळलेलं पाणी. कागदांचा लगदा.

हे सगळं एकाच घरातलं. पितळी कुलपं करणारं घर. नवरा गेल्यापासून कारखाना थोरली सून बघायची. सहा माणसं, दोन प्रेस आणि एक धाकटा दीर. तो विक्री सांभाळायचा आणि उरलेल्या वेळात घाबरायचा.

प्रत्येक कुलपावर कासव ठोकलेलं असायचं. सासऱ्यांनी ते कधी नोंदवलं नाही. "कासव काय पळून जाणार आहे?" म्हणायचे.

गेलं. एका मोठ्या कंपनीनं तेच कासव, तशीच उजवीकडे मान वळवलेलं, स्वतःच्या नावावर नोंदवलं आणि वर यांनाच नोटीस धाडली: छाप बंद करा. तीस दिवसांच्या आत.

थोरलीनं नोंदणी रद्द व्हावी म्हणून अर्ज केला. वकीलबाईंनी चष्मा कपाळावर सरकवला. "त्यांचं म्हणणं, ते एकोणीस वर्षं ही छाप वापरतायत. त्याच्या आधीचा, तारीख असलेला तुमचा एक कागद आणा. एकच. नाही मिळाला तर कासव त्यांचं."

बिलं होती अकरा वर्षांची. त्याआधीच्यांचा लगदा झालेला.

तिनं घर पालथं घातलं. माळा, गाद्यांच्या खाली, देवघरामागची फट. चौथ्या रविवारी सासऱ्यांच्या पलंगाखालची पत्र्याची पेटी उघडली. बिलं तो माणूस कुठंही टाकायचा. तक्रारी मात्र कुणाच्या नजरेस पडू नयेत म्हणून इथं, कडीकुलपात, कोरड्याठाक.

सगळ्यांत वरचं पत्र एका शाळामास्तरांचं. सव्वीस वर्षांपूर्वीचं, पाकिटावर टपालाचा शिक्का. लग्नाच्या सकाळी ट्रंकेचं कुलूप उघडलंच नाही, आणि मुलाचे कपडे आत. कुठलं कुलूप ते कळावं म्हणून मास्तरांनी कागद कुलपावर धरून वरून पेन्सिल घासली होती. पत्राच्या तळाशी कासव उमटलं होतं. सात चौकोन. तिनं बोट लावून दोनदा मोजले.

"वहिनी, हे तिथं दाखवणार?" दिराचा चेहरा उतरला. "भर सुनावणीत? आपलीच लक्तरं आपण वेशीवर टांगायची?"

"भावजी, कासव गेलं तर टांगायला लक्तरंही उरणार नाहीत."

सुनावणीच्या खोलीत पंखा होता, पण फिरत नव्हता. अधिकाऱ्यांनी पत्र मोठ्यानं वाचलं. पँटपाशी ते थांबले, खोकले, पुढं गेले.

कंपनीचे वकील उठले. "म्हणजे तुमचं कुलूप सदोष होतं, हे तुम्हाला मान्य आहे?"

दिरानं डोळे मिटून घेतले.

"मान्य आहे," थोरली म्हणाली. "अगदी टाकाऊ कुलूप होतं. पण आमचं होतं."

अधिकाऱ्यांनी काहीतरी लिहिलं. बराच वेळ लिहिलं. कंपनीचे वकील खाली बसले ते पुन्हा उठलेच नाहीत.

(मधले सात आठवडे. तिला आठवतं ते एवढंच: ती पोस्टमनला लांबूनच चालीवरून ओळखायला लागली.)

निकालाचा लिफाफा तिनं प्रेसशेजारी उभ्यानंच फोडला. कंपनीची नोंदणी रद्द. एवढंच वाचलं. ती पितळेच्या पट्ट्यांच्या खोक्यावर बसली. बसल्या जागी हसायला लागली, हसता हसता डोळे पुसायला लागली.

कारागिरानं विचारलं, "बाई, मशीन बंद करू?"

"अजिबात नको. ठोका. जोरात ठोका."

फोनवर वकीलबाई म्हणाल्या, "आता सुस्तावू नका. उद्याच नोंदणीचा अर्ज टाका. आणि या वेळी नोटीस आपण पाठवायची."

"त्यांना किती दिवस द्यायचे?"

"तीस. आपण सभ्य माणसं."

दीर तिथंच टेबलावर डोकं टेकून झोपला होता, कित्येक महिन्यांत पहिल्यांदा, तोंड उघडं टाकून. ठोके पडत होते. तिनं त्याला उठवलं नाही.

सासऱ्यांना मुळात घोडा हवा होता. साचा कोरणाऱ्याला तेव्हा कासवच तेवढं जमायचं.