एकवीस गाण्यांचा केर

माझा धंदा आवाज धुण्याचा. लोक वाटेल तसं रेकॉर्ड करून आणतात आणि मी त्यातली खरखर, गुणगुण, पंख्याची घरघर काढून देतो. वीस वर्षं हेच करतोय. माझे कान तिखट आहेत, असं सगळे म्हणतात, आणि मीही ते खुशाल मान्य करतो.

काल सकाळी भाची तिच्या बँडचा पहिला अल्बम घेऊन आली. ग्राइंडकोअर, म्हणजे सुसाट वेगाचं, किंचाळणारं रॉक, वर डेथ मेटलच्या गुरगुरण्याची फोडणी. एकवीस गाणी, एकूण मिनिटं अठरा. "मामा, चार वाजता डिस्क छापायला जायचंय. फक्त आवाजाची पातळी सारखी कर," ती म्हणाली. सोबत ताई, म्हणजे तिची आई, माझी मोठी बहीण. घशाचं ऑपरेशन झाल्यापासून, दीड वर्ष, ती बोलत नाही. तिने पाटीवर लिहून दाखवलं: ऐकून सांग.

त्या गेल्यावर मी पहिलं गाणं लावलं आणि खुर्चीतून उडालोच. ड्रमवाल्याच्या मागे कुत्रं लागलेलं, गिटारी एकमेकींच्या झिंज्या उपटताहेत आणि आमची नाकासमोर चालणारी पोरगी गळा फाडून किंचाळतेय. गाणं सुरू झालं म्हणेपर्यंत संपलं.

खटकली ती सुरुवातीची चार सेकंदं. तिथे वाद्यं नव्हती, नुसती खोल घरघर होती. वायर सैल असणार. सांगितलं तेवढंच काम केलं तर तो मी कसला! त्या घरघरीचा नमुना घेतला आणि मशीनला सांगितलं, असलं जे जे सापडेल ते सगळ्या गाण्यांतून काढ. दहा मिनिटांत काम लख्ख.

माझी एक सवय आहे, केर चाळल्याशिवाय टाकायचा नाही. जेवढं काढलं तेवढंच ऐकवणारं एक बटण असतं, चुकून कामाचं काही गेलं का ते बघायला. नवव्या गाण्यावर ते दाबलं.

केरात माणूस होतं.

फाटका, घोगरा, पोटातून येणारा बाईचा आवाज. श्वासाला थांबून पुन्हा तुटून पडणारा. "लिहून दे! लिहून दे! लिहून दे!" भाचीची यादी काढून पाहिली. नववं गाणं, 'लिहून दे'. सकाळी ते वाचून मी हसलो होतो, एखाद्या कचेरीवर असेल म्हणून.

ताईचा आवाज होता तो. गाठ काढताना तिचा एक स्वरतंतू गेला. घरी आल्यावर तिने पहिल्यांदा तोंड उघडलं ते मला हाक मारायला, आणि मी, तिखट कानांचा, दचकून मागे सरलो. "राहू दे ताई, लिहून दे," म्हणालो. वर पाटीही मीच आणून दिली. डॉक्टरांनीच बोलायला मना केलंय, असं मी पुढे धरून चाललो. विचारलं मात्र कधीच नाही.

आणि ही साठीला टेकलेली बाई लेकीशेजारी माइकसमोर उभी राहून माझेच शब्द भिंतीवर आपटत होती! एकूण एक गाण्यात ती होती. मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती. मी तिला दुसऱ्यांदा गप्प केलं होतं.

सगळं होतं तसं परत घातलं. काढलेला केर मात्र वेगळा जपून ठेवला.

चारला दहा कमी असताना दोघी आल्या. ताई पिशवीतून पाटी काढून खडू शोधायला लागली. मी पाटी तिच्या हातातून घेतली.

"बोल ताई," मी म्हणालो.

तिने लेकीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. घसा खाकरला.

"मला वाटलं, ठोंब्या," ती त्याच घोगऱ्या आवाजात म्हणाली, "तू मला काढून टाकशील."

"टाकलं होतं," मी म्हणालो. थाप मारायचं धाडसच झालं नाही.

भाचीचा चेहरा उतरला. ताईने खुर्ची ओढली आणि ऐसपैस बसली.

"ऐकव मग. काय काय काढलं होतंस ते."

मी ते बटण दाबलं. ड्रम नाही, गिटार नाही, एकटी ताई, एकवीसच्या एकवीस गाणी. आवाज कमी करायला माझा हात एकदा पुढे गेला, तो तिने धरून ठेवला. डिस्क छापायला उशीर झाला.