वाघराबाहेरचं काम

"हरंल त्यानं हितं ष्टँडवर, सगळ्यांम्होरं मिशी उतरवायची!" धनाजीनं हात पुढं केला.

"उतरवू की," कोंडिबानं टाळी दिली. "पोरगी म्हणती, ल्यापटॉप धरणात पडला तरी काम जात न्हाई."

"जातंय म्हंजे? लगीच जातंय!"

ष्टँडसमोरच्या ओट्यावर कोंडिबाची पोरगी रेश्मा काम करत बसली होती. ती हसली. "धनाजीकाका, काम ह्या डब्यात न्हाईच. ढगात एक खोली हाय, तितं बसून करते. झालं की कमिट करायचं, म्हंजे पक्की नोंद, आन् पुश करून गिटवर, येगळ्या कोठारात, धाडायचं. आबा रातीला मेंढरं वाघराच्या जाळीत कोंडत्यात ना, तसं. मग खोली मोडली तरी मेंढरं जाग्यावर."

लवासाचा रस्ता विचारणाऱ्या पाहुण्यांना गंमत म्हणून धरणाच्या भिंतीकडं धाडणारा धनाजी. त्याला एवढं कळलं, खोली मोडता येते.

दुपारी कोंडिबा माळावर मेंढरांमागं होता; रेश्मा त्याची भाकरी घेऊन गेली. ओट्यावर ल्यापटॉप उघडाच. पडद्यावर खोलीचं नाव, शेजारी तीन टिंबं, आत डिलीट. मशीननं इंग्रजीत काहीतरी विचारलं. धनाजीनं न वाचताच 'यस' दाबलं आणि टपरीवर जाऊन गंमत बघत बसला.

रेश्मा आली, दचकली. मग नवी खोली उघडून तिनं गिटवरचं सगळं परत आणलं. आलंही. धनाजीनं मिशीवरून हात फिरवला. गेली ही आता!

तेवढ्यात तिची बोटं थांबली.

"आज सकाळचं न्हाई आलं. कमिटच केलं नव्हतं." कोंडिबा मागोमाग येऊन उभा होता. "आबा, संध्याकाळी सायबांना तेच दाखवायचंय. न्हाई जमलं तर घरनं काम बंद, हिंजवडीला हापिसाजवळ येऊन ऱ्हा म्हणालेत."

रेश्माची आई गेल्यापासून त्या घरात दोघंच.

"कायतरी दाबलं गेलं असंल माझ्याच हातनं," रेश्मा म्हणाली. " वाघरात घालायच्या आधीच उठले."

धनाजीनं सांगायला तोंड उघडलं. बाहेर पडलं ते सवयीचं हसू. "गेलं न्हवं? मी काय म्हणलो हुतो?"

रेश्मा परत पहिल्यापासून लिहायला बसली.

"शब्द म्हंजे शब्द," म्हणत कोंडिबा ष्टँडवरच्या इंद्रजितच्या सलूनमध्ये गेला, फेटा मांडीवर घेऊन खुर्चीत बसला. टपरीवरची सगळी दारात जमली, शिट्ट्या सुरू झाल्या. फोटो काढायला धनाजीनं मोबाईल बाहेर काढला होता. कोंडिबाच्या पांढऱ्या मिशीला फेस लागला, तसा धनाजीनं मोबाईल परत खिशात टाकला.

"ऊठ, कोंडिबा."

"आता का? जिकलास की."

"ऊठ म्हणतोय ना. मी दाबलं डिलीट. पोरीचं काय चुकलं न्हाई."

शिट्ट्या थांबल्या. कोंडिबा उठला, फेट्याच्या टोकानं फेस पुसला.

"सायबाला फोन लाव म्हणावं तिला," धनाजी म्हणाला. " मीच सांगतो त्येंला."

"तिला काम करू दे," कोंडिबा म्हणाला आणि गर्दीतून निघून गेला.

धनाजी खुर्चीत बसला.

"पुरी काढू?" इंद्रजितनं हळूच विचारलं.

"पुरी."

वस्तरा फिरला. आरशात मागचा ओटा दिसत होता. कोंडिबा रेश्माशेजारी उन्हाच्या बाजूनं उभा राहिला, पडद्यावर सावली धरून. तिनं मान वर केली नाही.