दीडच्या गाडीनं बेबीचं दूध

मी तांब्या बोलतोय. साधा नाही, फिरकीच्या झाकणाचा. पितळेचा, पोटानं मोठा, गळ्यानं आखूड. हसू नका, तुमचंही पोट बघितलंय मी.

धुळ्याला एका तांबटानं मला घडवलं. इतकं ठोकलं, इतकं ठोकलं, की अंगातली लाज तेव्हाच गळून पडली. बुडाशी कुणाचं तरी नाव कोरलंय म्हणे. मला कुठं वाचता येतंय? कोरणाऱ्यालाही येत नसावं. बघणारा प्रत्येक जण वेगळंच वाचतो.

अक्काच्या लग्नात मी आंदण म्हणून जळगावला आलो. नाना, म्हणजे अक्काचा नवरा, प्रवासाला मला न्यायचे. ऐन तहानेच्या वेळी मी झाकण घट्ट धरून बसायचो. नाना लाल होईपर्यंत सोडायचो नाही. फार मजा यायची.

मग सून आली, मंदाबाई. असोद्याच्या शाळेत मास्तरीण. नवरा भुसावळला रेल्वेत, रविवारी तोंड दाखवणारा. तिला मुलगी झाली. घरात तिला बेबीच म्हणायचे. तीन महिने झाले, रजा संपली. बेबीला गायीचं दूध पाजलं की जुलाब, आणि लंगोट धुता धुता अक्काची कंबर मोडायची. तेव्हा मंदाबाईनंच ठरवलं, शाळेत दूध काढायचं आणि एस.टी.नं घरी धाडायचं. घरात कुणी तोंड उघडायच्या आत तिनं मला फळीवरून खाली ओढलं.

दुपारच्या सुट्टीत ती नकाशांच्या खोलीत शिरायची, आतून कडी लावायची. छाती दगडासारखी दाटलेली, चोळी भिजलेली. पहिल्या दिवशी वाटीभरही निघालं नाही. चौथ्या दिवशी मी अर्धा भरलो. वर ओलं फडकं गुंडाळून मला दीडच्या गाडीत गनीभाई कंडक्टरच्या हवाली करायची. जळगावच्या स्टँडवर नाना उभे. दोनला बेबीला अर्धं, चारला उरलेलं, चोचीच्या बोंडल्यानं.

गनीभाई सोनगीरचा. रोज खोडी काढायचा. "बाई, यामां काय शे?"

"औषध."

"रोजना रोज औषध? पेशंट काय बरा व्हतच नही?"

दोनचं दूध कसंबसं जायचं. चारचं मात्र फाटलेलं, आंबूस. बेबी तोंड फिरवायची आणि आई येईपर्यंत आळी डोक्यावर घ्यायची. आठवडाभर हेच. बेबी वाळायला लागली.

अक्का म्हणाली, "तुनं दूधच नासेल शे. उन्हामां फिरस, पोरेसवर वरडस, दूध तापी जास."

"अक्का, सकाळी माझ्या अंगावर पिते, तेव्हा कुठं नासकं असतं?"

"ते घरनं दूध शे. हाई नोकरीनं शे."

 मंदाबाईनं राजीनामा लिहिला, घडी करून पर्समध्ये ठेवला. शनिवारी हेडमास्तरांच्या हातात द्यायचा.

आता खरं काय ते मला ठाऊक होतं. रिकामं भांडं घेऊन घराबाहेर पडायचं नाही, हा अक्काचा नेम. रोज सकाळी ती माझ्यात ताक ओतायची. "रिकामं भांडं लिसन कोन निंघस? घे, पी वाटमां." मंदाबाई ताक प्यायची, शाळेच्या रांजणातलं पाणी घालून मला खळखळ विसळायची. पण माझ्या फिरकीच्या खाचांत बसलेलं ताक असं कुठं निघतंय? रात्री अक्का राखेनं घासून मला लख्ख करायची, आणि सकाळी परत तेच. म्हणजे लेकराच्या दुधाला रोज विरजण लागत होतं, तेही आजीच्या हातानं, मायेनं. सांगू कसा? मला तोंड आहे, पण जीभ नाही.

शुक्रवारी सकाळी अक्का ताक घेऊन आली. मी झाकण धरलं. असं धरलं, की तांबटाचा बाप आला तरी सुटणार नाही! अक्कानं पदर लावून पिळलं. नानांनी उंबऱ्यावर आपटलं. अजून पोचा आहे, बघा.

नाना म्हणाले, "हाऊ तुना माहेरना ना? मंग तोंड कसं काय बंद?"

अक्का चिडली, तेवढ्यात गाडीची वेळ झाली. मंदाबाई मला तसाच पिशवीत कोंबून पळाली. अक्का दारात कडाकडा बोटं मोडत राहिली, रिकामं भांडं गेलं म्हणून.

दुपारी मंदाबाईनं हात लावला आणि मी सुटलो. तेवढी अक्कल मला आहे. ती बसली, दोन मिनिटांत धार लागली. बाहेरून शालिग्राम गुरुजी, तेच हेडमास्तर, दार ठोकायला लागले.

"बाई, हिंदुस्थानचा नकाशा हवा होता."

"दहा मिनिटं, गुरुजी."

"सुट्टी संपतेय, वर्ग खोळंबेल हो!"

"हिंदुस्थान कुठं पळत नाही, गुरुजी. माझं दूध पळतंय."

 मग चपला लांब लांब जाताना ऐकू आल्या.

संध्याकाळी मंदाबाई आळीच्या तोंडाशी थबकली. रडणं नाही. घाबरून धावतच घरात आली. बेबी गोधडीवर पाय झाडत हसत होती.

"चारलेबी पिनी," अक्का म्हणाली. "बठ्ठं पिनी, थेंबबी नही ऱ्हायना."

"आज वेगळं काय केलं तुम्ही?"

"काहीच नही. उलट आज ताकबी नही दिधं..."

 दोघी माझ्याकडे बघायला लागल्या. मंदाबाईनं माझं झाकण उचललं, फिरकीच्या खाचेतून नख फिरवलं, ताक रोज कुठं अडकतं ते अक्काला दाखवलं. 

"म्हंजे इरजन मीच लायं का व माय?" अक्का मटकन बसली. आधी डोळ्यांना पदर लावला, मग हसत सुटली. दोन्ही एकदमच चाललेलं.

मंदाबाईनं पर्समधला राजीनामा काढून चुलीत सारला. त्याच जाळावर पाणी उकळलं आणि मला आतून, खाचांसकट, कढत आंघोळ मिळाली. ताक दुसऱ्या दिवसापासून बाटलीत. मला मात्र अक्का उकळलेल्या पाण्यानं भरून द्यायची. रिकामं म्हणजे नाहीच!

सोमवारी गनीभाईनं तोंड उघडायच्या आत मंदाबाई म्हणाली, "दूध आहे गनीभाई. माझं, माझ्या पोरीसाठी." गनीभाईच्या हातातलं तिकीट फाटता फाटता राहिलं. त्यानं मला आपल्या सीटखाली सावलीत ठेवलं, आणि गाडीत कुणी पाय लावला की त्याच्यावर असा ओरडायचा, की ड्रायव्हर मागं वळून बघायचा.

बेबी वर्षाची होईपर्यंत मी ये-जा केली. आता ती चौथीत आहे आणि मी परत धुळ्याला, देवपुरात. गनीभाईची सून साबेरा इथल्या दवाखान्यात नर्स आहे, घरी तान्हं लेकरू; तिच्यासाठी तो स्वतः मला मागून घेऊन आला. पोचे वाढलेत, कल्हई दोनदा झाली, पण पोट अजून दणकट आहे.

एकच मागणं. कामावर जाणारी बाई अशी कडी लावून बसली, तर तिला दहा मिनिटं द्या. नकाशे, फायली, साहेब, सगळे थांबतात. लेकराची भूक थांबत नाही.

चला, साबेरा आली. छाती दाटलीय तिची, दिसतंय. ऐकत काय बसलात? व्हा बाहेर, आणि जाताना दार ओढून घ्या.