थंड ठेवला होता का?

सात वाजून दहा मिनिटांनी भावेशने घट्ट झाकणाची छोटी बाटली समिधाच्या हातात दिली आणि तिच्याकडे न बघता मोटारसायकलची किल्ली उचलली.

"एकदाच. परत सांगू नकोस. आणि आईला कळता कामा नये."

तो शिरगावहून बोईसरच्या कारखान्यात कामाला निघून गेला. पालघरची लॅब साडेसातला उघडायची. वीर्याचा नमुना तासाभरात पोचवायचा, अंगाच्या उबेत न्यायचा, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. लग्नाला सहा वर्षं झाली होती. समिधाच्या सगळ्या तपासण्या झाल्या, दोष सापडला नाही, तरी चार महिने तिने पोटात सुया टोचून घेतल्या. भावेशची ही पहिलीच तपासणी.

घाईत तिने बाटली दवाखान्याच्या निळ्या पिशवीत, तिची इंजेक्शनं यायची त्याच पिशवीत, ठेवली, पिशवी पलंगावर ठेवली आणि साडी बदलायला गेली. परत आली तेव्हा पलंग रिकामा होता.

"आई, इथली पिशवी?"

सासूबाई, दमयंती, ओट्याशी बोंबील साफ करत होत्या. "फ्रीजात हाय. वरच्या कप्प्यात, बरफाजवळ. इंजेक्शन असं उघड्यावर टाकतात काय? तूच सांगतेस ना, गरम झालं की फुकट जातं. लाईट गेली तवा बरफ कोणी आणलेला? मी. तुला कायच ध्यान नाय."

समिधाने फ्रीज उघडला. पिशवी बर्फाला टेकली होती. दहा मिनिटं तरी झाली असतील.

"आता कुठं चाललीस?"

"पालघरला. तपासणी आहे."

"परत तुझीच? जा बाई. यंदा तरी कायतरी निघू दे."

रिक्षात तिने बाटली पदराआड छातीशी धरली. काच बराच वेळ गार लागत राहिली. गेल्याच आठवड्यात शेजारच्या सुनेच्या डोहाळजेवणात याच सासूबाईंनी तिला हळूच सांगितलं होतं, ओटी भरताना तू पुढे येऊ नकोस, आत पानं वाढायला घे.

लॅबच्या काउंटरवर कीर्ती नावाची मुलगी फॉर्म भरत होती.

"नमुना किती वाजता घेतला?"

"सात दहाला."

"मग वेळेत आहात. येताना थंड जागी ठेवला होता का?"

"का? फरक पडतो?"

"पडतो ना. शुक्राणू गारठले की त्यांची हालचाल थांबते. रिपोर्ट खराब येतो, आणि माणसाला उगाच दोषी ठरवल्यासारखं होतं."

समिधाने बाटली काउंटरवर ठेवली. 'नाही' एवढा एक शब्द पुरला असता. भावेशच्या नावाचा खराब रिपोर्ट घरी गेला असता आणि पुढच्या डोहाळजेवणात तिला कोणी आत पाठवलं नसतं. हो म्हटलं, तर भावेश परत बाटली हातात घेईल याची खात्री नव्हती.

"ताई? मागे लोक आहेत."

"एक मिनिट." तिने भावेशला फोन लावला. "आईंनी बाटली फ्रीजमध्ये ठेवली. माझं इंजेक्शन समजून. इथे विचारतायत, थंड ठेवला होता का. काय सांगू?"

पलीकडे यंत्रांचा आवाज चालू होता. "नाही सांगितलं तर?"

"तर रिपोर्ट खराब येईल. वर नाव तुमचं असेल."



"खरं ते सांग," तो म्हणाला. "परत कधी द्यायचा?"

समिधाने कीर्तीला विचारलं आणि त्याला सांगितलं, "तीन दिवसांनी. गुरुवारी."

"ठीक आहे. गुरुवारी."

"त्याआधी आईंना सांगा, तपासणी कोणाची आहे ते."

"ते तूच सांग ना."

"मी सहा वर्षं माझ्याच तपासण्या सांगितल्या. ही तुमची आहे. आज घरी आल्यावर सांगा, नाहीतर गुरुवारी पिशवी परत फ्रीजमध्ये जाईल."

यंत्रांचा आवाज बंद झाला. तो बाहेर आला असावा.

"सांगतो," तो म्हणाला.

समिधाने फोन ठेवला. "थंड ठेवला होता," ती कीर्तीला म्हणाली. "बर्फाजवळ."

कीर्तीने फॉर्मवर आडवी रेघ मारली आणि गुरुवारसाठी नवा फॉर्म पुढे ओढला.