चहाच्या तंबूतला पियाला

मी पियाला. तुमच्याकडच्या कपाला असतो तसा कान मला नाही, पण माझ्याइतकं ऐकलेलं भांडं सबंध किरगिझ मुलखात दुसरं नसेल. मला दोन्ही तळव्यांत धरावं लागतं, त्यामुळे माणसाचा हात मला चांगला कळतो. थंडीने गारठलेला, भीतीने गारठलेला, खोटं बोलणारा. हात ओळखण्यात मी सहसा चुकलो नाही. चुकलो ते दुसऱ्याच बाबतीत, आणि तेवढंच सांगायला बसलोय.

दूरच्या एका कारखान्यात, भट्टीतून माझा जन्म झाला. अंग निळंशार, पोटावर कापसाचं पांढरं बोंड, काठाला सोनेरी रेघ. आम्ही सहा भावंडं होतो. बाजारात आम्हाला उचललं ते बुबुसाराच्या आईने, लेकीच्या रुखवतासाठी. ती बुबुसारा पुढे सासू झाली, आजी झाली, अख्ख्या गावाची बुबुसारा आपा झाली, आणि आम्ही तिच्या कपाटात पाहुण्यांची वाट बघत उभे राहिलो. थोडा रुबाबही करत होतो. सोनेरी काठाला शोभेल एवढाच.

आमच्याकडे चहा अर्धा ओततात. प्याला रिकामा झाला की पुन्हा थोडा, मग पुन्हा. म्हणजे बसा, घाई नाही, आम्ही तुमच्यासाठी उठबस करतोय. आणि काठोकाठ भरून दिला, तर पाहुण्याने समजायचं की हा पिऊन आता निघावं. तोंडाने कुणी काही बोलत नाही. पन्नास वर्षं आपाने मला कधी काठापर्यंत भरलं नव्हतं.

मग सीमेवर गोळीबार झाला. भर दुपारी गाव पेटलं. पळताना माणसं काय उचलतील याचा नेम नसतो. एकाने इस्त्री घेतली, एकीने एकाच पायातला बूट. आपाने किटली उचलली आणि मला झग्याच्या खिशात कोंबलं. माझी पाच भावंडं कपाटातच राहिली. त्या दिवशीच्या धगीने माझ्या बुडाशी केसाएवढी चीर पडली. तिच्यातून चहा गळत नाही, म्हणून तिच्याकडे कुणी बघत नाही.

तालुक्याच्या शाळेच्या मैदानात तंबू लागले. त्यातला एक बायकांचा. संस्थेने त्यावर लांबलचक नावाची पाटी लावली होती, पण सगळ्या त्याला चहाचा तंबू म्हणायच्या. तो चालवायची आयचुरेक. तिशीची, सडसडीत, आवाज हळू. बायका तिला एजे म्हणत, म्हणजे ताई. बायकांवर आणि मुलींवर होणारे अत्याचार थांबवायचे, झाले तर त्यांना आडोसा द्यायचा, डॉक्टर द्यायचा, वकील द्यायचा, हे तिचं काम. पण ‘मला नवरा मारतो’ असं सांगायला कोण बाई उघडपणे येणार? मग त्या लोकरीचा नमदा, म्हणजे जाड बिछायत, शिवायला येत, चहाला येत, आणि शिवता शिवता कधीतरी एखादी बोलून जाई. आयचुरेक कधी घाई करत नसे. तिच्या कामाचा पहिला नियमच तो होता.

अडचण एकच. छावणीच्या मुखियाची वहिनीही रोज नमद्याला येऊन बसायची. इकडचं तिकडे सांगितल्याशिवाय तिला जेवण पचायचं नाही.

तोड आपानेच काढली. “हे बघ पोरी,” ती आयचुरेकला म्हणाली, “अर्धा प्याला दिला की समजायचं, मोकळेपणी बोल. काठोकाठ भरला की समजायचं, इथे कान आहेत. गुपचूप पी आणि जा. उद्या मागच्या बाजूने नर्सच्या खोलीत ये, मी तिथे असेन.”

“आणि ती बया विचारेल, असा का भरला म्हणून?”

“माझं वय सत्तर. हात थरथरतो. कोण काय बोलणार मला?”

आपाने ही खूण एकेकीच्या कानात घातली, आणि असा मी कामाला लागलो. एकदा मनगटावर काळंनिळं घेऊन एक बाई आली. वहिनी समोरच टाके घालत होती. आपाने मला गळ्यापर्यंत भरलं. बाई हसली, “म्हातारे, आल्या आल्या हाकलतेस होय गं?”

“हो तर! तुझं चुलीवर दूध आहे ना, उतू जाईल. पळ!”

सगळ्या खो खो हसल्या. वहिनीही हसली. दुसऱ्या दिवशी ती बाई मागच्या दाराने आली आणि आठवड्याभरात दोन लेकरांसह दुसऱ्या शहरात सुखरूप पोचली. ‘चुलीवर दूध’ हा मग आमचा परवलीचा शब्दच झाला. छावणीत दूध पावडरचं, चूल कुणाकडेच नाही, पण बायका म्हणायच्या आणि हसायच्या. मला स्वतःचा फार अभिमान वाटायचा. आता आठवलं की लाज वाटते.

आता जिपार. सतरा वर्षांची, बाप नसलेली, चुलत्याच्या तंबूत राहणारी. दहावीत गणितात पहिली आली होती आणि ते सांगताना लाजायची. चुलता वाईट नव्हता, घाबरलेला होता. ‘तंबूला ना दार ना कडी, तरणी पोर किती दिवस सांभाळू? नवऱ्याच्या घरी निदान भिंती तरी असतील,’ असं तो ज्याला त्याला सांगायचा. रशियात ट्रक चालवणारा एक माणूस त्याने बघितला होता, जिपारपेक्षा सतरा वर्षांनी मोठा.

जिपार सहा वेळा तंबूत आली. सहाही वेळा आपाने मला अर्धं भरून तिच्या हातात दिलं. ती मला फिरवत बसायची, कापसाच्या बोंडावरून अंगठा फिरवायची, आणि उठून जायची. सहाव्या वेळी आपाने तिला कानात सगळं सांगितलं. अर्धा म्हणजे काय, भरलेला म्हणजे काय, उद्या म्हणजे कुठे. पोरीने मान हलवली.

त्याच आठवड्यात आयचुरेकला राजधानीत पाच दिवसांच्या प्रशिक्षणाला बोलावलं. विषय काय, तर पीडितेचं म्हणणं कसं ऐकावं! तिच्या जागी मेरिम नावाची मुलगी आली. गोड, हसरी, शहरात मगातून चहा पिऊन वाढलेली. आयचुरेकने तिला वहीभर लिहून दिलं. डॉक्टरचा नंबर, कुणाचं बाळ आजारी, कुणाशी जपून बोलायचं. प्याल्याचं तेवढं लिहिलं नाही. कागद कुणाच्याही हाती पडतो म्हणून. आणि आपा होतीच की तोंडी सांगायला.

दोन दिवस चहा आपानेच ओतला, त्यामुळे सांगायची वेळ आली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी गावाकडे जाणारा ट्रक आला. कुणाची जर्दाळूची झाडं वाचलीत ते बघायला माणसं निघाली होती. आपा तशीच उठली आणि ट्रकात चढली. चाळीस झाडं होती तिची, तिला दोष कोण देणार?

आणि जिपार आली. इतर बायका यायच्या आधी, एकटीच. आज तिचे हात फिरवाफिरव करत नव्हते. ठरवून आले होते. निकाह शुक्रवारी होता.

“बस ना,” मेरिम म्हणाली. “अगं, किती गारठलेत हात तुझे! आधी पोटभर चहा घे, मग बोलू.”

आणि मायेने, अगदी मायेने, तिने मला काठोकाठ भरलं.

जिपारने माझ्याकडे पाहिलं. मग तंबूभर पाहिलं. वहिनी नव्हती. कुणीच नव्हतं. मग तिने मेरिमकडे पाहिलं, आणि तिच्या बोटांतलं बळ गेलेलं मला कळलं. तंबूत दुसरं कुणी नाही, म्हणजे चुगली करणारी हीच. पोरीने हिशोब बरोबरच मांडला होता. गणितात पहिली ना ती.

मला त्या क्षणी फुटायला काय झालं होतं? चीर होती, चहा उकळता होता. एवढी वर्षं तडा अंगावर बाळगला तो कशासाठी? पण मी शाबूत राहिलो, चांगल्या मालाचा असल्यासारखा.

तिने तोंड पोळेपर्यंत भराभर चहा संपवला.

“आणखी घे की!”

“नको. चुलीवर दूध आहे.”

मेरिमला यातलं काही कळलं नाही. दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, जिपार नर्सच्या खोलीत गेली. खोलीला कुलूप होतं, कारण तिथे थांबणारी आपा गावात जळक्या खोडांपुढे बसली होती. शुक्रवारी जिपारच्या डोक्याला नवरीचा पांढरा रुमाल बांधला आणि गाडी निघून गेली.

शनिवारी आयचुरेक परतली, आपाही परतली. मेरिम उत्साहाने सांगत होती, “एक मुलगी आली होती, अबोल होती बिचारी. मी चांगला काठोकाठ भरून चहा दिला.” आपाने मला हातात घेतलं ते कितीतरी वेळ खाली ठेवलंच नाही. मेरिमला सगळं उमगलं तशी ती रडू लागली. आयचुरेक तिला एक शब्द रागावली नाही. “वहीत मीच लिहिलं नव्हतं,” एवढंच म्हणाली. त्यानंतर तिने खूप धावपळ केली. कचेऱ्या, पोलीस, गावचे पंच. पंच म्हणाले, निकाह झाला, पोरगी आपल्या पायांनी गाडीत बसली, आता कशाला खोदता?

घर सापडायला पाच महिने गेले. उत्तरेच्या एका खोऱ्यात, दोन डोंगर ओलांडून. संस्थेची गाडी दारात उभी राहिली असती तर सासरच्यांनी पोरीलाच धारेवर धरलं असतं. म्हणून आयचुरेक पाहुणी म्हणून निघाली. भेट म्हणून सुके जर्दाळू आणि मी. आपाने मला रुमालात बांधलं. “हाच ने. याच्यापायी बिघडलं, याच्यापायीच जुळू दे.”

सोमवार होता. जिपारची सासू तुर्सुनाय आपा पाहुणचाराला उणी नव्हती. नान आला, लोणी आलं, जर्दाळूंचं कौतुक झालं. पण ती जागची हलली नाही. आमच्याकडे चहा ओतायचं काम सुनेचं. जिपारने मला रुमालातून सोडलं, बोंडावरून अंगठा फिरवला, आणि मला कळलं की तिच्या डाव्या हाताचं मधलं बोट मोडून वाकडं जुळलंय. छावणीत ते सरळ होतं.

तिने किटली उचलली. सावकाश, एक थेंब न सांडता, मला काठोकाठ भरलं, आणि दोन्ही हातांनी आयचुरेकपुढे धरलं.

“अगं ए!” सासू ओरडली. “पाहुणीला हाकलतेस? आईने हेच शिकवलं का?”

“चुकलं, आपा,” जिपार म्हणाली. नजर मात्र आयचुरेकवरून हलली नाही.

मी ओरडत होतो. जमेल तसं. माझ्यातला चहा थरथरत होता तो काय उगाच? अगं, हा तुझाच प्याला, तुमचीच खूण! इथे कान आहेत, उद्या ये!

पण आयचुरेक पाच महिने रोज स्वतःला शिक्षा सुनावत होती. दोन डोंगर ओलांडताना तिने मनाशी धरलंच असणार, की पोरगी आपल्याला हाकलून देईल, आणि ते रास्तच होईल. ज्या गोष्टीची तयारी करून माणूस येतो तीच त्याला दिसते. तिने मला रिकामं केलं, उठली, आणि उंबऱ्यात बूट चढवताना हळूच म्हणाली, “बरोबर भरलास, जिपार. माझी लायकी तीच. पुन्हा नाही येणार तुला त्रास द्यायला.”

जिपार दारापर्यंत धावली. “एजे! चुलीवर दूध...”

“कसलं दूध?” आतून सासू म्हणाली. “गाय आटून महिना झाला.”

बाहेर भाड्याची गाडी सुरू झाली होती.

दुसऱ्या दिवशी जिपारने खोकल्याचं निमित्त केलं आणि गावच्या दवाखान्यात गेली. दुपारपर्यंत तिथे बाकावर बसली. परत आली ती हातात गोळ्यांचं पाकीट घेऊन. मला विसळता विसळता माझ्याशीच बोलली, “रस्ता लांबचा आहे. उशीर होतो माणसाला.”

आता मी या घरातल्या फळीवर असतो. सोनेरी रेघ निम्मी पुसली गेलीय, चीर बोटभर वाढलीय. सगळ्यांचं झालं की जिपार मला अर्धं भरते आणि खिडकीशी बसते. माझ्यामागे पत्र्याचा एक डबा आहे. त्यात खोकल्याच्या गोळ्यांची एकवीस पाकिटं आहेत, एकही न फोडलेलं. तिला खोकला कधी झालाच नाही.

मी किती दिवस टिकेन सांगता येत नाही. म्हणून हात जोडून, म्हणजे जोडायला असते तर जोडून, एवढंच मागतो. तुमच्यापैकी कुणाला कुठल्या छावणीत, कुठल्या तंबूत, हळू आवाजाची, सडसडीत, चहा नेहमी अर्धाच घेणारी आयचुरेक भेटली, तर तिला माझं नाव सांगा. जिपार रागावलेली नाही म्हणावं. दवाखाना मंगळवारी आणि शुक्रवारी उघडा असतो, आणि दार मागच्या बाजूला आहे.