चार कोपऱ्यांवर चार चपला

मी चादर बोलतेय. भिवंडीत विणलेली, काल्हेरात वापरलेली आणि रॉटरडॅमच्या पोलिसांनी घडी करून परत दिलेली. शेवटचं खोटं वाटत असेल तर थोडं थांबा, तिथवर येतेच.

माझा जन्म पत्र्याच्या शेडमधल्या लूमवर झाला. सोलापूरच्या चादरींना नाव असतं, लेबल असतं. आमच्या भिवंडीत कच्चं कापड निघतं आणि ते रंगायला बाहेर गेलं की भिवंडीचं नावही त्याबरोबर धुऊन जातं. हा अन्याय आहे, आणि तो मी इथे नोंदवून ठेवते. मी निम्मी विणून झाले तेव्हा आडवा धागा तुटला. "अरे यार, फिर टूटा!" म्हणत कारागिरानं गाठ मारली, पण माझ्या अंगावर बोटभर विरळ पट्टा राहिला. तेवढ्यावरून मला चांगल्या मालातून बाहेर काढलं.

तो तुकडा आनंदीबाईंनी घेतला. मधोमध कापून दोन भाग शेजारी शेजारी शिवले आणि गडद निळ्या रंगात बुडवले. "पट्टा हाय तर हाय," त्या म्हणाल्या, "बसायचंय, मिरवायचं न्हाय."

आनंदीबाई भिवंडीजवळच्या काल्हेरच्या, खाडीकाठच्या आगरी घरातल्या. त्यांची भातशेती होती. आजूबाजूला गोदामं झाली, ट्रक आले, मग त्यांच्या शेतावर चार इमारती उभ्या राहिल्या. मोबदल्यात मिळालेल्या फ्लॅटमध्येच त्या राहतात. ज्या बांधावर त्या न्याहारीला बसायच्या, तिथे आता इमारतींची बाग आहे. या बागेबद्दल मला पुढे बरंच भांडायचं आहे.

माझं काम जागा धरायचं. देवळासमोर भजन असलं की दुपारीच मला अंथरायचं, चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवायचे आणि घरी जाऊन भाकऱ्या थापायच्या. संध्याकाळी या, जागा तशीच. धरलेल्या चादरीला हात लावायचा नाही हा गावाचा नियम. ज्या घरांचं एकमेकांशी बोलणं बंद, तीसुद्धा एकमेकांच्या चादरीला वळसा घालून जातात.

मग आनंदीबाईंची मुलगी करिष्मा नोकरीसाठी रॉटरडॅमला गेली आणि तिनं आईला तीन महिन्यांसाठी बोलावलं. मीही निघाले, तांदळाच्या पिठाच्या डब्याला गुंडाळून.

पहिल्याच संध्याकाळी करिष्मा आम्हाला घराजवळच्या बागेत घेऊन गेली. आनंदीबाई थबकल्या.

"गेट कुठंय गं?"

"गेट नाहीये, आई."

"मग तिकीट?"

"तिकीट कसलं? चल, बस."

"गवतावर? हाकलतील ना!"

कोणी हाकललं नाही. माणसं खुशाल गवतावर लोळत होती, पुस्तक वाचत होती, सायकली आडव्या टाकून सँडविच खात होती. आनंदीबाईंनी मला आधी फरशीवरच अंथरलं. दहा मिनिटांनी अर्धी गवतावर ओढली. अर्ध्या तासानं पूर्ण. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या पाठीला ओलं, थंड, जिवंत गवत लागलं. देवळासमोरच्या लाद्यांनो, माफ करा, पण काय सुख होतं ते!

मग रोजचंच झालं. करिष्मा कामावर गेली की आम्ही दोघी बागेत. बदकं ओळखीची झाली. एक म्हातारा रोज समोरच्या बाकावर बसायचा, आनंदीबाई त्याला मान हलवायच्या, तो टोपी उचलायचा. महिनाभरात दोघांत एक शब्द नाही. हे मात्र मला पटलं नाही. एवढी मोठी बाग आणि कोणी कोणाची चौकशी करत नाही! सुट्टीत आम्ही पॅरिसलाही गेलो. तिथल्या एका बागेत हिरवळीवर बसायला मनाई निघाली. आनंदीबाई इतक्या खूश झाल्या की विचारू नका. "बघ, यांच्यातपण आपल्यासारखी माणसं हायत!"

आता पोलिसांचं सांगते.

एका रविवारी करिष्मानं ऑफिसातल्या सहा जणांना आईच्या हातचं खायला बागेत बोलावलं. आनंदीबाईंना रात्रभर एकच घोर. ऊन पडलेलं, रविवार, तळ्याकाठची जागा राहील का? सकाळी साडेसहाला त्या मला घेऊन निघाल्या. मला अंथरलं. दगड शोधले. त्या नीटनेटक्या बागेत एक दगड मिळेल तर शपथ. मग घरी जाऊन करिष्माच्या चपला आणल्या, स्वतःच्या पायातल्या काढल्या आणि चार कोपऱ्यांवर चार ठेवून अनवाणी घरी गेल्या कोळंबी करायला.

मी पडून राहिले. आठच्या सुमाराला बागेचा कर्मचारी आला. उंचच्या उंच माणूस. त्यानं मला पाहिलं, चपला पाहिल्या, इकडे तिकडे पाहिलं. हाका मारल्या. मग त्याची नजर शेजारच्या तळ्याकडे गेली आणि त्याचा चेहरा पांढरा पडला.

दोन बायकांच्या चपला आहेत आणि बायका नाहीत!

अर्ध्या तासात पोलीस आले, आणि एकजण कमरेइतक्या पाण्यात उतरून लांब काठीनं तळ ढवळू लागला. तेवढ्यात डोक्यावर डबा घेऊन आनंदीबाई आल्या आणि मागून करिष्मा.

करिष्मानं तिथल्या भाषेत विचारलं आणि कपाळावर हात मारला. "आई, त्यांना वाटलं आपण दोघी बुडालो!"

"बुडतोय कशाला? खाडीकाठची हाय मी. त्या पाण्यातल्या पोराला म्हणावं, वर ये, सर्दी होईल."

उंच माणसानं विचारलं, मग चादर कशासाठी? करिष्मानं आमची रीत समजावली. तो बराच वेळ ऐकत राहिला आणि मग एकच वाक्य बोलला.

"काय म्हणतोय?"

"म्हणतोय, जागा कोणापासून धरायची? ती तर सगळ्यांचीच आहे."

आनंदीबाईंनी चारही कोपऱ्यांवरच्या चपला एकेक करून उचलल्या. पोलिसानं मला उचलून व्यवस्थित घडी घातली आणि त्यांच्या हातात दिली. पाहुणे आल्यावर आनंदीबाईंनी मला पुन्हा अंथरलं आणि सगळ्यांना, पाण्यातल्याला धरून, माझ्यावर बसवून भाकरी आणि कोळंबी वाढली. समोरचा टोपीवाला म्हातारासुद्धा त्या दिवशी येऊन बसला आणि तिखटानं डोळे पुसत बोलू लागला.

तीन महिने संपले. आम्ही काल्हेरला परतलो. दुसऱ्याच संध्याकाळी आनंदीबाई मला काखेत मारून बागेकडे निघाल्या.

बागेला कुलूप होतं. ते आधीपासूनच होतं हो! फक्त आम्हाला ते आता दिसलं. आत मऊ हिरवळ, कडेनं जास्वंद, आणि पाटी: हिरवळीवर पाय ठेवू नये. माळी मागच्या कुंपणाच्या फटीतून आत जायचा, कारण किल्ली सोसायटीच्या अध्यक्षांच्या कपाटात. अध्यक्ष म्हणजे आनंदीबाईंचे धाकटे दीर, दौलत.

"दौलत भाऊजी, चावी द्या."

"कशाला वहिनी?"

"बसायला."

"बसायला? लोकं आली की घाण करतात. आता कशी छान दिसते!"

"बाग काय फोटो हाय, नुसती बघायला?"

"तसंही रविवारच्या सभेत विषय हाय. बाग कोणी वापरत न्हाय. पेव्हर ब्लॉक बसवून गाड्यांना जागा करायची. माल सकाळीच येतोय."

वाचकहो, हा न्याय बघा. कुलूप आहे म्हणून कोणी येत नाही. कोणी येत नाही म्हणून बाग काढून टाकायची! मी कापड आहे, माझं डोकं तापत नाही, पण त्या दिवशी माझा विरळ पट्टासुद्धा ताठ झाला.

आनंदीबाई घरी आल्या आणि खिडकीत उभ्या राहिल्या. खाली ती बाग, म्हणजे त्यांचा जुना बांध. शेत गेलं तेव्हा त्या रडल्या नव्हत्या. आता मात्र पदर डोळ्याला लागला. मग त्यांनी मला झटकलं.

शनिवारी दुपारी मला बागेच्या बंद गेटासमोर अंथरण्यात आलं. चार कोपऱ्यांवर चार चपला. शेजारच्या इमारतीतली मैना, त्यांची जुनी मैत्रीण, भाजी घेऊन चालली होती.

"आनंदीताय, भजन हाय का इथं?"

"न्हाय गं. जागा धरलीय."

"कशासाठी?"

"बसायसाठी. तुझी आण."

मैनानं आणली. तिची जाऊबाई आली. वरच्या मजल्यावरच्या हिंदी बोलणाऱ्या भाभी चटई घेऊन आल्या, "हमारा भी रखो, दीदी." रविवारी सकाळपर्यंत गेटासमोरचा रस्ता चादरी, चटया, सतरंज्यांनी भरला होता, आणि प्रत्येकीच्या कोपऱ्यावर चपला. अख्खं काल्हेर अनवाणी फिरतंय असं वाटावं.

दहा वाजता पेव्हर ब्लॉकचा टेम्पो आला. चादरींपाशी थांबला.

"हटाव ना ये सब!" ड्रायव्हर ओरडला.

दौलतशेठ पांढऱ्या कपड्यांत आले. "वहिनी, उचला हे."

"तुम्ही उचला, भाऊजी."

ते वाकले. माझ्या कोपऱ्यावरच्या चपलेपर्यंत त्यांचा हात आला आणि तिथेच थांबला. मला आठवलं, याच माणसानं इतक्या वर्षांत देवळासमोर शेकडो वेळा माझ्या बाजूनं वळसा घातलाय. धरलेल्या चादरीला हात लावलेला आगरी माणूस मी अजून पाहिलेला नाही.

"तुमच्या बाबांनी पण हितंच भात लावला होता ना, भाऊजी?" आनंदीबाई हळूच म्हणाल्या.

दौलतशेठ सरळ झाले. टेम्पोला हातानं मागे जायची खूण केली आणि खिशातून किल्ली काढली. गेटापर्यंत जाताना त्यांनी एकाही चादरीवर पाय दिला नाही. कुलूप गंजलं होतं, टेम्पोवाल्याकडचं तेल घालावं लागलं. सभा आतल्या हिरवळीवर झाली. पेव्हर ब्लॉकच्या बाजूनं एकही हात वर आला नाही, अध्यक्षांचासुद्धा.

आता माझी शिवण उसवत आलीय. निळा रंग आकाशी झालाय, एका कोपऱ्यात हळदीचा डाग आहे. रोज संध्याकाळी मी आत गवतावर असते. घाण होते का? होते. शेंगांची टरफलं पडतात, आणि दौलतशेठ "कोणाची ही?" असं ओरडत स्वतःच गोळा करतात. पाटी मात्र काढलीय.

परवा तेच माझ्या कडेला बसले आणि म्हणाले, "वहिनी, आज चपला ठेवायला विसरलात."

"विसरले न्हाय, भाऊजी. जागा आता कोणापासून धरायची?"

तुमच्या घराजवळही कुलूप लावलेली एखादी बाग असेलच. भांडायला जाल तेव्हा घरातली एक जुनी चादर बरोबर न्या. आम्हाला फार काही येत नाही, पण अंथरल्यावर आम्ही हटत नाही.