झाकणाची शेगडी

गेल्या उन्हाळ्यात लटारूच्या चुलीतली ठिणगी उडाली आणि छावणीमागची गवताची गंजी जळाली. आग जंगलात शिरली नाही, म्हणून त्याची खानसाम्याची नोकरी वाचली. रेंजर गुणवंतराव तेव्हा एवढंच म्हणाले होते, "पुन्हा झालं तर तू घरी." साहेब आवाज चढवत नसत. त्यामुळे ते वाक्य लटारूच्या कानात वर्षभर तसंच राहिलं.

१९५७ च्या मार्चमध्ये दौरा निघायच्या आठ दिवस आधी साहेबांनी त्याला बोलावलं. "यंदा मुक्कामावर उघडा विस्तव नाही. गाडीत मावेल अशी लहान शेगडी बघ, कोळशाची. निवड तुझी, जबाबदारीही तुझी."

लटारू आरमोरीच्या बाजारात गेला. मातीची शेगडी गाडीच्या पहिल्या हिसक्यालाच फुटली असती. नागपूरहून आलेली बिडाची शेगडी देखणी होती, पण उचलायला दोन माणसं लागली असती. रॉकेलच्या डब्याची होती ती हलकी, मात्र तिचे पाय जेमतेम चार बोटांचे. तेवढ्या उंचीवरून सागाचा वाळला पाला सहज पेट घेतो. शेवटी तो झाडू लोहाराकडे गेला.

"झाडूभाऊ, पाय वीतभर उंच पाहिजे."

"शेगडी पाहिजे का बकरी?"

"खाली राखेचं ताट. आन् वरतून झाकण, बारीक भोकाचं."

"झाकण काऊन? शेगडी हाय का नवरी?"

"ठिणगी उडाली का माही नोकरी उडते, भाऊ."

झाडू हसायचा थांबला आणि पत्रा शोधू लागला.

तीन दिवसांनी शेगडी मिळाली. लटारूनं ती धावड्याच्या, न तडतडणाऱ्या लाकडाच्या निखाऱ्यांनी भरली, खाली वाळला पाला पसरला, शेगडी हलवली, तिरपी केली आणि तासभर शेजारी बसून राहिला. एकही पान करपलं नाही. बऱ्याच दिवसांनी त्याला पोटभर जेवण गेलं.

गाडी भरताना मात्र नागपूरच्या पाहुण्यांचं सामान आलं. खाट, टेबल, दोन खुर्च्या. पाहुणे म्हणजे साहेबांचे एक जुने मित्र, जंगल बघायला आलेले. कारकून भैयाजीनं धावड्याच्या कोळशाची दोन्ही पोती खाली उतरवली.

"भैयाजी, कोळसा राहू द्या ना."

"लटारू, आपण जंगलात चाललो, समुद्रावर नाई. कोळसा तिथी मिळते."

मुक्काम धानोऱ्याच्या पलीकडे चार-दोन घरांच्या एका टोल्यावर पडला. तंबूपासून चाळीस पावलांवर इसरू आणि सुकरी या गोंड नवराबायकोचं घर होतं. घराशेजारी गवताच्या मांडवाखाली सुकरीनं मोह वाळत घातला होता. दोघांनी रोज पहाटेपासून फुलं वेचून महिनाभरात जमवलेला. पावसाळाभर त्यावरच भागायचं.

दुपारी इसरूनं दोन टोपल्या कोळसा आणला. लटारूनं तुकडा मोडून पाहिला. "कशाचा हाय?"

"तेंदूचा. सडकेत झाडं आली, तोडली. जंगलशिपाई म्हणे, जाळ."

"तेंदू तं उडते."

"उडते ना. आमी घरात नाई लावत." इसरूनं हे पाणी ओलं असतं तसं सांगितलं.

"धावडा हाय का कुठी?"

"आता जाळला तं चार दिवसानं भेटन."

लटारू साहेबांकडे गेला. "साहेब, कोळसा तेंदूचा निघाला. ठिणग्या मारते. आज इसरूच्या घरी चुलीवर रांधून आणतो जी."

साहेबांनी नकाशावरून मान वर केली. "शेगडीला झाकण आहे ना?"

"हाय जी."

"कशासाठी करून घेतलंस?"

याचं उत्तर लटारूनं स्वतःच लोहाराला देऊन ठेवलं होतं. "हो जी," म्हणून तो परत फिरला.

त्यानं शेगडी मांडवापासून जमेल तितकी दूर नेली. भोवतीचा पाला झाडला, पाण्याची घागर भरून ठेवली. दिवस कलताना निखारे फुलले. सळ्यांवर मांस लावून त्यानं झाकण ठेवलं. आत लाह्या फुटाव्यात तसा आवाज येत होता. बाहेर काही येत नव्हतं. लटारू एका गुडघ्यावर बसून मोजल्यासारखा तो आवाज ऐकत राहिला.

पाहुणे खुर्ची सोडून जवळ आले. "अरे, असं कोंडलं की मांस शिजतं. भाजत नाही." त्यांनी चिमटा उचलला.

"जी, झाकण..." लटारू म्हणाला. त्याचा हात पुढे गेला आणि पाहुण्यांच्या पांढऱ्या बाहीपाशी थांबला. साहेबाच्या पाहुण्याचा हात धरायचा कसा, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

झाकण निघालं. मूठभर ठिणग्या उसळल्या. पाहुणे मागे सरले आणि हसले. वारा पश्चिमेचा होता, मांडवाकडे जाणारा. लटारू घागर घेऊन धावला. इसरू धावला, सुकरी मडकं घेऊन धावली. घर वाचलं. मांडव आणि मोह वाचला नाही. गोड, करपट वास टोल्यावर बसून राहिला.

सकाळी भैयाजीनं पंचनामा वाचून दाखवला. शेगडी खानसाम्यानं निवडली होती. ती खानसाम्याच्या ताब्यात होती. तिच्यातून ठिणग्या उडाल्या. सगळं खरं होतं.

"झाकण कोणी काढलं ते नाई लिहिलं जी," लटारू म्हणाला.

"ते कोणी विचारलं नाई." भैयाजीनं शाईचा डबा पुढे केला. "अंगठा लाव."

पंच म्हणून इसरूनंही लावला. साहेबांनी सही केली आणि नेहमीच्याच आवाजात म्हणाले, "तुला सांगितलं होतं, लटारू." पाहुणे तंबूत दाढी करत होते.

शेगडी साहेबांना नको होती. लटारू ती सुकरीच्या दाराशी घेऊन गेला. देण्याजोगं त्याच्याजवळ दुसरं काही नव्हतं.

"बाई, ठेवून घे."

सुकरी राखेत काडी घालून उरलेला मोह शोधत होती. तिनं वर पाहिलं नाही. "ने ते. आमच्या चुलीनं कोणाचा मोह नाई जाळला."

लटारूनं शेगडी खाली ठेवली आणि राखेचं ताट पालथं केलं. मग कालच्या जागी जाऊन त्यानं जमीन नीट पाहिली. चार पायांच्या खुणा होत्या. त्यांच्यामध्ये एकही निखारा पडला नव्हता. त्यानं झाकण सुतळीनं घट्ट बांधलं, शेगडी डोक्यावर घेतली आणि घरी जायला गडचिरोलीची वाट धरली.